नऊ इंचांचं गेट

पुण्यात आल्यापासून मी पाच घरमालक पचवले. एकाला माझ्या चपलांचा आवाज व्हायचा, एकीला माझ्या फोडणीचा वास यायचा, बाकीच्यांबद्दल न बोललेलंच बरं. पण खोली दाखवायच्या आधी तोंडी परीक्षा घेणारा घरमालक मला एकच भेटला, तो विश्रांतवाडीचा.

मी अकोल्याहून भूगोलात एमए होऊन आले होते आणि हडपसरच्या एका कंपनीत नकाशे कॉम्प्युटरवर चढवायचं काम मिळवलं होतं. मोबाइलवर इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं, आणि जो तो उगाचच दुसऱ्याला फोन करत सुटला होता, तो काळ. हडपसरला नोकरी आणि विश्रांतवाडीला खोली म्हणजे रोज अर्धं पुणं ओलांडायचं. पण मैत्रिणीने सांगितलं, माणसं चांगली आहेत, फक्त काका जरा तसे आहेत.

‘तसे’ म्हणजे कसे, ते दार उघडल्याबरोबर कळलं. मे महिन्याची दुपार आणि समोर कानटोपी घातलेले गृहस्थ.

“कशाने आलात?”

“बसने.”

“खिडकी मिळाली?”

“मिळाली.”

“डावी की उजवी?”

“डावी.”

“काय काय दिसलं?”

मी आठवून पाहिलं. “मोबाइलच्या जाहिराती.”

“आणखी?”

“आणखी मोबाइलच्या जाहिराती.”

“एवढ्या प्रवासात एकही जिवंत गोष्ट दिसली नाही आपल्याला?”

“कंडक्टर होता,” मी म्हटलं.

आतून काकू ओरडल्या, “अहो, पोरीला आधी पाणी तरी विचारा!” काका मात्र माझ्याकडे टक लावून बघत राहिले. मग म्हणाले, “निदान खोटं तरी बोलत नाहीत. खोली तुमची.” आणि त्या दिवसापासून मला ‘इंजिनियर’ म्हणायला लागले. मी इंजिनियर नाही हे मी त्यांना तीन वेळा सांगितलं, मग दमले.

काका सरकारी खात्यात आरेखक होते. आयुष्यभर दुसऱ्यांनी मोजून आणलेल्या जमिनींचे नकाशे काढले. त्यातली एकही जमीन स्वतः पाहिली नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, आता एकच नकाशा काढायचा आणि तो आपला. कशाचा? तर खोकडाचा. खोकड म्हणजे माळावरचं, कोल्ह्याहून लहान, मोठ्या कानांचं, शेपटीचं टोक काळं असलेलं जनावर. चुकून कुणी कोल्हा म्हटलं की काका त्या माणसाशी चार दिवस बोलायचे नाहीत. मी एकदा मुद्दाम म्हणून पाहिलं. खरंच बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मोजून बोलायला लागले.

खोकड पुण्याच्या आसपास कुठे राहतं, आणि ऊन-पाऊस असाच बदलत राहिला तर पुढे त्याला कुठे राहता येईल, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यासाठी पाच ट्रेसिंग पेपर. एकावर पाऊस, एकावर ऊन, एकावर गवत, एकावर दगड आणि पाचव्यावर माणूस. प्रत्येकावर खोकडाला न मानवणारी जागा काळी करायची. पाचही कागद एकावर एक ठेवून खालून दिवा लावला की जो भाग कोराच राहील, तो खोकडाचा. दर वर्षी माणसाचा कागद नव्याने काढावा लागतो आणि तो काढताना हात दुखतो, अशी त्यांची तक्रार होती.

आता खालून दिवा लावायचा तर काच हवी. घरात काच एकच होती, मुलाने बंगलोरहून हौसेने पाठवलेल्या डायनिंग टेबलाची. त्यामुळे त्या टेबलावर खोकड राहत असे आणि काका, काकू व मी फरशीवर मांडी घालून जेवत असू. पाहुणे आले की काकू सांगायच्या, “टेबल आहे हो आमच्याकडे. बघायचं असेल तर बघा, हात लावू नका.”

काकू मोठ्या दवाखान्यात सिस्टर होत्या. निवृत्त होताना त्यांच्याकडे तापाची बरीच थर्मामीटरं जमली होती, ती काकांनी ताब्यात घेतली. एक गच्चीत, एक नळाशी, एक तुळशीच्या मातीत. गच्चीवर तुपाचा डबा पाऊस मोजायला ठेवलेला. त्याच्या आठ फुटांच्या आत पापड घालायला बंदी. एकदा सासवडकडच्या माळावर एका बिळाच्या तोंडाशी काका पालथे पडून आत थर्मामीटर धरून होते. शेजारून मेंढपाळ चाललेला. त्याने विचारलं, “काय झालंय त्याला?” काका म्हणाले, “ताप आहे.” मेंढपाळाने डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि काळजीने विचारलं, “लई?” ही गोष्ट काका स्वतःच सांगायचे आणि सांगताना अजिबात हसायचे नाहीत.

मी त्यात कशी ओढली गेले, तर एके दिवशी त्यांनी मला तेरा वर्षांच्या वह्या दिल्या. “इंजिनियर, तुमच्या कॉम्प्युटरात हे ठिपके बसतील का?” जिथे जिथे स्वतःच्या डोळ्यांनी खोकड पाहिलं, तिथे तिथे ठिपका. कुणी सांगितलं म्हणून ठिपका द्यायचा नाही, हा त्यांचा कडक नियम. सांगणाऱ्याला चहा मिळे, ठिपका मिळत नसे.

ऑफिसात आम्ही दिवसभर कुठल्याशा परदेशी गावाच्या सांडपाण्याच्या नळांचे नकाशे काढायचो. तेव्हा खोकड म्हणजे सुट्टीच की. मी जेवणाच्या वेळात एकेक ठिपका टाकत गेले. पंधरा दिवसांनी सगळे पडद्यावर आले. मी बघतेय तर ठिपके कसे, ओळीत! मागून शेजारचा सहकारी डबा खात खात आला, क्षणभर बघत उभा राहिला आणि म्हणाला, “हे कोणत्या रूटचे स्टॉप आहेत?”

अगं बाई!  मी त्याच्यावर रस्त्यांचा नकाशा ठेवला. हडपसर डेपोतून बाहेर गावांकडे जाणारे सगळे मार्ग जिथे, तिथे ठिपके. काका आयुष्यात बसशिवाय कशाने गेलेच नव्हते. ज्येष्ठ नागरिकांचा पास, खिडकीची जागा, मांडीवर वही. बस जिकडे जाईल तिकडे त्यांना खोकड दिसायचं, आणि बस जिकडे जात नाही तिकडे खोकड नव्हतंच. थोडक्यात, तेरा वर्षं खपून त्यांनी सिद्ध केलं होतं की खोकड हा प्राणी बसस्टॉपच्या हाकेच्या अंतरावर राहतो.

हे सांगायचं कसं? मला तर खोलीचीच काळजी. दोन दिवस मी जिन्यावरून दबकत गेले. शेवटी तिसऱ्या दिवशी जेवताना सांगून टाकलं. काकांनी घास खाली ठेवला, उठले, टेबलाखालचा दिवा बंद केला आणि आत जाऊन झोपले. काकू मला म्हणाल्या, “काय सांगितलंस गं त्यांना? निवृत्तीच्या दिवशीसुद्धा इतके खचले नव्हते.” मला इतकं वाईट वाटलं की मी तो सहकारी, कॉम्प्युटर आणि भूगोल या तिघांनाही शिव्या घातल्या.

रविवारी उजाडायच्या आत दारावर थाप. कानटोपी, हातात पाण्याची बाटली, पाठीला पिशवी. “चला इंजिनियर. जिथे बस जात नाही तिथे जायचं.”

“काका, मला आज केस धुवायचेत.”

“परत आल्यावर धुवा. आता धुतले तर पुन्हा धुवावे लागतील.”

मग पद्धत ठरली. पूर्व भागाच्या नकाशावर चौकोन आखायचे, प्रत्येकाची चिठ्ठी काकूंच्या लाडवाच्या डब्यात टाकायची आणि काकूंनी डोळे मिटून एक काढायची. जो चौकोन निघेल तिथे मैत्रिणीकडून रविवारपुरत्या मागून आणलेल्या स्कूटीवरून जायचं, अर्धा तास बसायचं, दिसलं तर भरीव ठिपका, नाही दिसलं तर पोकळ गोल. नाही दिसलं हेसुद्धा लिहायचं असतं, हे मी कॉलेजात शिकले होते. काकांना ते मुळीच पटेना. “न दिसलेलं लिहायला बसलो तर हत्ती आणि मगरसुद्धा लिहावे लागतील!” पण एकदा पटलं आणि मग माझीच पंचाईत झाली. कारण चिठ्ठीचा मान राखायचा म्हणजे राखायचाच.

एक चौकोन उसाच्या मधोमध निघाला. एक कुणाच्या तरी फार्महाऊसच्या पोहण्याच्या तलावात निघाला. तिथे काका काठावर पाय सोडून अर्धा तास बसले आणि मालकीणबाई आम्हाला दोन वेळा विचारून गेल्या की नळवाले आपणच ना. एक निघाला मंगल कार्यालयात. आत लग्न ऐन भरात. मी म्हटलं, काका, हा सोडू या. काका म्हणाले, “उद्या म्हणाल, पावसाचा कागद सोडू या.” आम्ही आत गेलो. मुलाकडच्यांना वाटलं आम्ही मुलीकडचे. आमच्या हातात अक्षता आल्या. काका खुर्चीवर बसून घड्याळ लावून मांडवाच्या कोपऱ्याकडे बघताहेत. शेजारच्या फेटेवाल्या आजोबांनी विचारलं, “कुनाला हुडकताय पाव्हणं?”

“खोकडाला.”

मला वाटलं, आता धरून बाहेर काढतात. तर आजोबा सरसावून बसले. “आवं, हितंच तर व्हती बिळं! ह्यो स्टेज हाय ना, त्याच्या खाली. वळवाचा पाऊस आला की पिल्लं तोंडात धरून वर माळाला न्यायची.”

“वर? कुठल्या वर?” काका एकदम उभे राहिले. नेमकी त्याच वेळी मंगलाष्टकं संपली, त्यामुळे कुणाला विचित्र वाटलं नाही. आजोबांनी हात लांब करून डोंगराची दिशा दाखवली. काकांनी त्या चौकोनात पोकळ गोलच काढला, पण त्या रात्री टेबलाखालचा दिवा पुन्हा लागला.

दोन उन्हाळे आम्ही असे हिंडलो. पोकळ गोल ढीगभर, भरीव ठिपके मोजून अकरा. पण ते अकरा आता बसच्या मार्गावर नव्हते, खालच्या रानातून वरच्या माळाकडे सरकत गेलेले होते. पूर्वी पाऊस चार महिने पुरवून पुरवून पडायचा. आता महिनाभर तोंड दाखवत नाही आणि मग एका दुपारी सगळा ओतून मोकळा होतो. सखल काळ्या रानातली बिळं तुंबतात. खोकडाला वरच्या मुरमाड उतारावर सरकल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि खालच्या रानातून वरच्या माळावर जायला आता एकच चिंचोळी पट्टी उरली होती. काकांनी त्या पट्टीवर बोट ठेवलं. “इथे काय आहे?”

मी बघितलं. तिथे आमची कंपनी होती.

तोवर कंपनीच्या मागे नुसतं तारेचं कुंपण होतं. पण पावसाळ्याआधी तिथे सलग दगडी भिंत घालायचं ठरलं होतं. पाया चार फूट खोल, उंची आठ-नऊ फूट. भिंत झाली की संपलं. काका दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर बसने ऑफिसला आले. मी वाटेत हात जोडून सांगितलं, “काका, माझी नोकरी आहे हो तिथे.” ते म्हणाले, “म्हणून तर सोपं झालं.”

ॲडमिनचे प्रमुख सैन्यातून आलेले, ताठ आणि मोजकं बोलणारे. त्यांनी पाच मिनिटं दिली. काकांनी मीटिंग रूममधल्या काचेच्या टेबलावर पाच कागद पसरले, खिशातून टॉर्च काढला आणि म्हणाले, “साहेब, आपण जरा खाली बसता का? माझा गुडघा वाकत नाही. आणि इंजिनियरला वरून दाखवायचंय.” मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा आमचे ॲडमिन प्रमुख टाय खांद्यावर टाकून टेबलाखाली टॉर्च धरून बसले होते.

“दिसतंय का साहेब? ती पांढरी पट्टी?”

“दिसतेय,” खालून आवाज आला. “मग तुमचं म्हणणं काय, भिंत घालू नये?”

“घाला की. फक्त एक भोक ठेवा. नऊ इंच बाय नऊ इंच.”

“त्यातून चोर आला तर?”

“नऊ इंचांतून आत येणारा चोर असेल तर त्याला नोकरीवर घ्या.”

टेबलाखालचा टॉर्च विझला. मग साहेब बाहेर आले, गुडघे झटकले आणि म्हणाले की भोक देतो, पण दोन अटी. सुरक्षेच्या नियमाप्रमाणे आत येण्याची जी जी वाट असेल ती गेट धरली जाते, तेव्हा हे गेट नंबर चार, आणि त्याला रजिस्टर असेल. दुसरं, दिवाळीपर्यंत त्या रजिस्टरात एकही नोंद झाली नाही, तर भोक बुजवणार. काकांनी दोन्ही अटी हात मिळवून मान्य केल्या. नियम पाळणारा माणूस भेटला म्हणून ते उलट खूशच होते.

भिंत झाली. गेट नंबर चार झालं. त्यावर पत्र्याची पाटीसुद्धा लागली. तिथे एक रखवालदारही नेमला गेला. जवळच्याच गावचा, मिशावाला, रजिस्टरावर जीव असलेला माणूस. आणि काकांनी काय करावं? रोज पहाटे पहिल्या बसने येऊन, भोकापासून वीस पावलांवर घडीचं स्टूल टाकून बसायला लागले. काकूंनी विणलेला हिरवागार स्वेटर, हिरवी कानटोपी. लांबून पाहिलं तर कुणीतरी तुरीचं रोप स्टुलावर ठेवलंय असं वाटायचं. ऑफिसातली पोरं येताजाता विचारायची, “काका, आला का तुमचा व्हिजिटर?”

आला नाही. आषाढ गेला, श्रावण गेला. रोज एक पोकळ गोल. एकदा दुपारी पाऊस असा धो धो कोसळला की खालचं रान तळं होऊन बसलं. काका भिंतीला हात लावून उभे राहिले होते. संध्याकाळी बसमध्ये म्हणाले, “आधी बसचा नकाशा काढला. आता हा कुठला काढला, कोण जाणे. ती पिल्लं खाली बुडत असतील आणि मी त्यांना चुकीच्या जागी दार करून दिलंय.” त्यांच्या तोंडून असं काही ऐकायची मला सवय नव्हती. मला रडू यायला लागलं म्हणून मी खिडकीतून बाहेर बघायला लागले.

गणपतीनंतर गुडघा सुजला. काकूंनी सिस्टरच्या आवाजात हुकूम सोडला, आठ दिवस उठायचं नाही. काका मला रोज सांगायचे, रजिस्टर बघून या. मी कसली बघतेय! आमच्याकडे त्या परदेशी गावाच्या नळांची मुदत संपत आली होती. आणि खरं सांगायचं तर कोरं पान बघून घरी जाऊन सांगायचा धीर नव्हता. “नोंद नाही,” असं मी न बघताच ठोकून द्यायचे. काकांना सांगितलेलं माझं ते पहिलं खोटं.

सातव्या दिवशी दुपारी रखवालदाराने मला जिन्यात गाठलं. “मॅडम, चार नंबरचं रजिस्टर भरत आलंया, चारच तर पानं हायती. नवं कुनाकडनं घ्यायचं?”

“भरत आलंय? कशाने?”

“आता कशानं म्हंजे! येतंया, जातंया. ल्हीतोय मी.”

मी पळतच गेले. रजिस्टर नेहमीचंच, पाहुण्यांचं. त्याने सगळे रकाने भरले होते. नाव: खोकड. कुठून आले: खालच्या रानातून. कोणाला भेटायचे: कोणाला नाही. येण्याची वेळ: सकाळी सहाच्या सुमारास. सोबत: पिल्लं दोन. सही: करत नाही. ओळखपत्र: मागितले, थांबले नाही.

मी तशीच रिक्षा करून विश्रांतवाडीला गेले आणि काकांना उचलून आणलं म्हटलं तरी चालेल. काकू आधी नको म्हणून अडवत होत्या, पण रजिस्टर म्हटल्यावर त्यांनीच चपला पुढे केल्या. गेटवर आलो तेव्हा शिफ्ट सुटत होती. काकांनी चष्मा लावून पानं वाचली. मग रखवालदाराची उलटतपासणी सुरू केली.

“कशावरून खोकड? कोल्हा असेल.”

“काय बोलताय बाबा! आमच्या रानात लहानपणी लई असायची. कोल्हा चालतो ह्यो असा.” आणि तो बापडा गणवेशात, छातीवर शिट्टी लटकवून, खांदे पाडून चार पावलं चालला. “आन् खोकड असं.” त्याने टोपी काढली, दोन्ही हात कानांशी उभे धरले, कमरेत वाकला आणि पायांच्या टोकांवर टिपटिपटिप करत भिंतीकडे गेला. भोकाशी थांबला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग वळून तोंडाने मागच्यांना बोलावल्यासारखं केलं आणि थांबून राहिला, पिल्लं पुढे जाईपर्यंत. गळ्यात कार्डं अडकवलेले पन्नास-साठ जण जागच्या जागी उभे. कुणी हसलं नाही.

“शेपूट?” काकांनी पिशवीत हात घालत विचारलं.

“झुबका. आन् टोक काळं, दौतीत बुडवल्यावानी.”

काकांनी पिशवीतून वही काढली. पेन्सिलीने नऊ इंचांच्या त्या जागेवर ठिपका काढला आणि तो कागद फाटेस्तोवर भरला. मग रजिस्टर पुन्हा मागे उलटलं, तारखा बघितल्या. आजचा धरून सात दिवस, सगळेच्या सगळे. पहिली नोंद होती ती काका पहिल्यांदा आले नाहीत त्या सकाळची. मी ते आधीच पाहिलं होतं आणि त्यांना दिसू नये म्हणून मनोमन धावा करत होते.

“म्हणजे तीन महिने मीच दार अडवून बसलो होतो,” काका म्हणाले.

रखवालदार म्हणाला, “जाऊ द्या की बाबा. उद्या या, लांब बसा, मी दावतो.”

“नाही. ते आलं ना? पिल्लं घेऊन आलं. आता मी यायचं नाही.” डोळे पुसायचे सोडून त्यांनी चष्माच पुसला. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुम्ही लिहीत राहा. ओळखपत्र मात्र मागू नका हो त्याला.”

बसस्टॉपला जायची जवळची वाट भोकासमोरून, भिंतीच्या कडेकडेने होती. मी त्यांचा हात धरून तिकडे वळायला लागले तर काका थांबले. तिथल्या मातीला आपला वास लागेल म्हणाले. मग दुखऱ्या गुडघ्यासकट, सगळ्या इमारतींना वळसा घालून, आम्ही पुढच्या गेटने बाहेर पडलो. पाऊण तास लागला, आणि पाऊण तास काका मला ते भोकाशी कसं थांबतं ते स्वतः करून दाखवत होते.